आधी पन्हळ बघ

पोरा, गाडी धुतलीस, पुसलीस आणि दारातून बघून खूश झालास, तरी टपाचं काही कळत नाही. टप कुणाच्याच नजरेच्या टप्प्यात नसतो, म्हणून गंज तिथे निवांत वाढतो. त्यात तुझी ओम्नी व्हॅन उंच. तेव्हा स्टूल घे आणि उन्हं तिरपी असताना, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा, टपावरून आडवी नजर टाक. भर दुपारी सपाट पत्र्यावरचे बारीक फोड दिसत नाहीत. तिरप्या उन्हात प्रत्येक फोडाची सावली पडते.

मधला पत्रा बघण्याआधी दोन्ही बाजूंच्या पन्हळीत बोट फिरव. वरचा पत्रा आणि बाजूचा पत्रा तिथे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात आणि त्या सांध्यावर सीलंटची पट्टी ओढलेली असते. वीस-पंचवीस वर्षांत सीलंट सुकतं, कडक होतं, त्याला बारीक चिरा जातात. चिरेतून पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरतं आणि तिथून त्याला बाहेर पडायला वाट नसते. वरचा रंग जागच्या जागी असतो, म्हणून मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. पण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो वाढला की दोन्ही पत्रे एकमेकांपासून ढकलले जातात आणि पन्हळीची सरळ कड वरखाली व्हायला लागते. डोळ्यांना ते चुकेल, बोटाला चुकत नाही. सीलंट नखाने दाबून बघ. पापुद्रा सुटला आणि खालून तांबूस भुकटी आली, तर ती चीर कुठून कुठवर गेली आहे ते खडूने आखून ठेव.

आपल्याकडे पन्हळीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे कॅरिअर. आंब्याच्या हंगामात पेट्या लादल्या जातात, कॅरिअरचे पंजे पन्हळीच्या कडेवर आवळलेले असतात, खड्ड्यागणिक ते घासतात. रंग उडतो, पत्रा उघडा पडतो आणि पंजाखाली ओल धरून राहते. काहीजण मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घालतात. घालावा, पण रबरही खाली पाणी धरून ठेवतं. म्हणून मे अखेर पेट्या संपल्या की कॅरिअर उतरवलंच पाहिजे. मी ज्या मेस्त्रींच्या हाताखाली शिकलो, ते पावसाळ्यात कॅरिअरसकट आलेल्या गाडीला हातच लावत नसत. आधी ते ओझं उतरवून आण, मग बोलू, असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. मला ते पटतं.

किनाऱ्यावरच्या गाडीचं दुखणं घाटावरच्या गाडीपेक्षा वेगळं असतं. खारं वारं पत्र्यावर मीठ ठेवून जातं आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं. त्यामुळे पाऊस नसला तरी सांध्यातला पत्रा पुरता सुकत नाही. गाडी समुद्रावर नेलीस की घरी आल्यावर गोड्या पाण्याचा पाइप पन्हळीत धर आणि पाणी दोन्ही टोकांना सुटून वाहतंय की नाही ते बघ. आंब्या-फणसाखाली गाडी उभी करत असशील, तर पन्हळीत कुजलेला पाला साचतोच. तो काडीने काढ. टोकदार पात्याने काढशील तर सीलंट फाटेल.

आता मधला पत्रा. ओरखडा नाही, काही आपटलेलं नाही आणि तरीही मधोमध फोड आला असेल, तर तो गंज बहुतेक आतून बाहेर आलेला असतो. टपाला आतून आडव्या पट्ट्या असतात. पत्रा आणि पट्टी यांच्या मध्ये ओल अडकते. बंद गाडीत रात्री टपाच्या आतल्या अंगाला दव धरतं, त्याची ओल अस्तरात मुरते. वरून प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधून ठेवली तर पत्रा आणखी घामेजतो. गाडी झाकायचीच असेल तर हवा खेळेल असं कव्हर घे, नाहीतर उघडी राहू दे.

अशा फोडावर वरून रंग मारून देतो म्हणणाऱ्या रंगाऱ्याला काम देऊ नकोस. अस्तर उतरवायला लाव. ते कोपऱ्यापासून हळू सोडवावं लागतं, घाई केली तर फाटतं. अस्तर उतरलं की टॉर्च घेऊन पट्ट्यांच्या कडा बघ. पाणी नेमकं कुठून येतं ते शोधायचं तर एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून मग्याने पाणी सोडायचं. सुरुवात खालून कर. आधी काचेची खालची कड, मग बाजू, मग वरची कड आणि शेवटी पन्हळ. वरून सुरुवात केलीस तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि दोष कोणाचा ते कळत नाही. समोरच्या काचेचं रबर जुनं झालं की पाणी त्याखाली शिरून खांबातून उतरतं आणि पायाखालचं मॅटिंग ओलं होतं. लोक मग फ्लोअरला ठिगळं मारत बसतात.

लोहचुंबक कापडात गुंडाळून टपावर फिरव. जिथे तो ढिला पडेल तिथे आधी कुणीतरी पुट्टी भरून ठेवली आहे. जुनी गाडी विकत घेताना तर हे करच. फोडावर स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच दाब. पत्रा ठणठणीत असेल तर फक्त रंग निघेल. टोक आत गेलं, तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही, तेवढा भाग कापूनच काढावा लागेल.

काम दिवाळीनंतर काढ आणि होळीच्या आत संपव. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि रंग पांढुरका पडतो. त्याहून वाईट म्हणजे घासून उघडा केलेला पत्रा आपल्या हवेत एका रात्रीत पिवळा पडतो. म्हणून एका दिवसात प्रायमरपर्यंत जाईल एवढाच भाग उघडायचा.

घासताना फोडाच्या चारी बाजूंनी चांगला पत्रा दिसेपर्यंत रंग उतरव. ऐंशी नंबरचा पेपर आणि वायर ब्रश पुरतो. ग्राइंडर हातात घ्यायचा मोह होतो, पण टपाचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नाही. ग्राइंडर तो पातळ करतो आणि गंजाच्या खड्ड्यांवर वरवर चकाकी आणतो. शिवाय त्याच्या ठिणग्या काचेवर उडाल्या की त्यात रुतून बसतात, मग ती काच कधीच साफ होत नाही. वापरायचाच तर काचांवर जाड कापड टाक. घासून झाल्यावर पत्रा जवळून बघ. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके दिसले, तर तो गंजच आहे. ते ठिपके राहिले तर तू वर काहीही लाव, वर्षा-दोन वर्षांत फोड परत येणार. टोकदार अवजाराने ते खरवड, मग फॉस्फोरिक आम्लाचं गंज काढायचं औषध ब्रशने लाव. डब्यावर लिहिलंय तेवढाच वेळ ठेव, मग स्वच्छ पाण्याने धू आणि लगेच गरम हवेने कोरडं कर. आम्ल राहिलं तर इपॉक्सी नीट धरत नाही. त्यानंतर पत्र्याला उघडा हात लावू नकोस. हाताच्या घामात मीठ असतं, बोटांचे ठसे जसेच्या तसे गंजून वर येतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोंडाला मास्क बांध आणि लहान मुलांना धुळीपासून लांब ठेव.

उघड्या पत्र्यावर पहिला थर इपॉक्सी प्रायमरचा. रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि गॅरेजवाला तेच लावू म्हणेल, पण ते पाणी पूर्ण अडवत नाही. पुट्टी तर पाणी पितेच, म्हणून ती इपॉक्सीच्या वर भरायची, आणि खळगा सपाट होण्यापुरतीच.

भोक असेल तर वरून पुट्टी दाबून बुजवू देऊ नकोस. आतल्या बाजूने ती उघडीच राहते, दवाचं पाणी पिते आणि कड सोडते. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा आणि तेवढाच तुकडा बसवून जोडायचा. टपावर सलग वेल्डिंग ओढलं तर एवढा मोठा सपाट पत्रा तापून वाकतो आणि मग कुठलाही डेंटर तो सरळ करू शकत नाही. एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, प्रत्येक टाका निवल्यावर पुढचा, असं काम करणारा माणूस शोध. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची मायनसची वायर काढ, अस्तर आणि सीटा बाहेर काढ, पाण्याची बादली हाताशी ठेव. गाडीला गॅसकिट असेल तर टाकी उतरवल्याशिवाय वेल्डिंगची मशीन चालू करू देऊ नकोस. यात कुणाचंही ऐकायचं नाही.

पन्हळच लांबवर कुजली असेल, तर ठिगळांनी भागत नाही. टप आणि बाजू तिथेच एकत्र येतात, गाडीचा ताठपणा त्या सांध्यावर आहे. 2019 साली ओम्नी बनायची थांबली, तेव्हा पुढे चांगला टप भंगारातच मिळणार. मुंबईत कुर्ल्याला, नाहीतर जवळच्या मोठ्या गावच्या भंगार बाजारात बघ. शक्यतो घाटावरच्या गाडीचा टप घे. किनाऱ्यावरच्या गाडीचा आणलास तर तीच दुखणी विकत आणशील.

प्रायमर सुकला की रंगाआधी सांध्यावर नवं सीलंट ओढ आणि रंग बसल्यावर आतल्या पट्ट्यांमध्ये कॅव्हिटी वॅक्सची नळी घालून फवार. जळकं ऑइल गाडीच्या पोटाला लावतात, तसं टपाला आतून लावू नकोस. ते अस्तरात उतरतं आणि काचेचं रबर फुगवतं. रंग होता तोच ठेव, बदललास तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. नव्या रंगावर महिनाभर वॅक्स नको, नुसत्या पाण्याने धू.

अस्तर मात्र लगेच परत चढवू नकोस. ते कोरडं करून घरात ठेव आणि पहिला मोठा पाऊस उघड्या टपाखाली बसून बघ. थेंब जिथे दिसेल तिथे पेन्सिलने खूण कर. पत्रा उतरता असतो, म्हणजे पाणी शिरतंय ती जागा खुणेच्या वरच्या अंगाला असेल. ती बुजव, पुन्हा मग्याने पाणी सोडून बघ, आणि उघडीप मिळाली की अस्तर लावून टाक.