तपकिरी बटूंवरील ढग
(बी. ए. द्वितीय वर्ष)

आभाळाकडे पाहून पावसाचा अंदाज बांधण्याची सवय आम्हा गोदाकाठच्या शहागडकरांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु सूर्यमालेबाहेरचे ढगही शास्त्रज्ञ वाचतात, हे कळले तेव्हा मला मोठे नवल वाटले.

प्रथम 'तपकिरी बटू' म्हणजे काय ते पाहू. वायूचा मेघ आकुंचन पावून तारा जन्मतो. पण त्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे ७५ पटींहून कमी भरले, तर गाभ्यातील हायड्रोजनचे ज्वलन टिकत नाही. असा गोळा जन्मतः मिळालेली उष्णता गमावीत निवत जातो. भारतीय वंशाचे खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६३ च्या सुमारास अशा गोळ्यांची शक्यता गणिताने दाखविली. 'तपकिरी बटू' हे नाव १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी सुचविले. खात्रीचा पुरावा मात्र १९९५ मध्ये मिळाला.

यांतील काही बटू ठराविक तासांनी उजळ व मंद होतात. असे का व्हावे? हजार-दीड हजार अंश उष्णतेत तेथे लोखंडाचे आणि वाळूसारख्या सिलिकेट कणांचे ढग बनतात. दाट ढग आतला प्रकाश अडवितात. विरळ जागेतून खालचा उष्ण थर दिसतो. एका बाजूने काजळलेली कंदिलाची काच फिरवावी, तसा हा प्रकार. मात्र चढउताराचा आकार पुढच्या फेऱ्यांत बदलतो. म्हणजे ढगही बदलतात. हेच तेथील हवामान!

२०१३ मध्ये केव्हिन लुमन यांनी अवघ्या साडेसहा प्रकाशवर्षांवर अशी एक जोडी शोधली. तिच्यातील एक बटू सुमारे पाच तासांत स्वतःभोवती फिरतो. त्याच्या तेजात दहा टक्क्यांच्या आसपास फरक आढळला. २०१४ मध्ये चिलीतील दुर्बिणीच्या साहाय्याने त्याच्या पृष्ठभागाचा ढोबळ नकाशाही तयार झाला. दिसायला नुसता ठिपका, पण त्याचा नकाशा निघाला!

मी हे घरी सांगितले तेव्हा वडील म्हणाले, "तिकडचे ढग मोजून इकडं पाऊस पडंल का?" प्रश्न रास्त आहे. पाऊस पडणार नाही. पण दूरच्या ताऱ्यांभोवतीचे मोठे ग्रह ताऱ्याच्या झगमगाटात लपतात; एकटे बटू तसे लपत नाहीत. म्हणून अशा ग्रहांवरील ढगांविषयीचे सिद्धान्त येथे तपासता येतात.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. जिथे हात पोहोचत नाही, तिथले ज्ञानही चिकाटीच्या मोजमापाने मिळते, हे मला या ठिपक्यांनी शिकविले. कला शाखेच्या मित्रांनीही ही वाट चोखाळावी.