पेटीवाल्याचं काम काढून घेण्याआधी

मंचर

चि. बाळूस,

काल नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात कानावर आलं, की तू तुझ्या पोटठेकेदाराचा, त्या ओतूरच्या पेटीवाल्याचा, पोकलेन अडवून ठेवलास, त्याच्या पोरांना साईटवरून हाकललंस आणि बिलाचा रुपया देणार नाही म्हणालास. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुझ्या आजोबांच्या ओट्यावर गावचे वाद मिटायचे रे!

त्याच्याकडून काम उरकत नाही, हे मलाही दिसतं. ऑपरेटर पळाला, पंपावर डिझेलची उधारी बंद झाली आणि पाऊस तोंडावर आलाय. काम काढून घेच. पण रीतीनं घे. करारात आहे तेवढ्या मुदतीची लेखी नोटीस दे, पोच घे. मग दोघांनी मिळून चर मोजा: किती मीटर खोदला, किती पाइप टाकून बुजवला. फोटो काढा, मोजमाप वहीवर (एमबीवर) दोघांच्या सह्या होऊ देत. झालेल्या कामातून उचल वजा कर आणि बाकी त्याच्या हातात दे. मजुरांची मजुरी सगळ्यात आधी. त्यानं बुडवली तर कायद्यानं ती तुझ्याही गळ्यात येऊ शकते. आणि पोकलेन तर फायनान्सचा. तो अडवून तुझ्या पदरात काय पडणार?

माणूस बुडाला म्हणजे लबाडच होता, असं धरू नकोस. खेड-सिन्नर रस्त्याचं काम आयएल अँड एफएसच्या कंपनीकडे होतं. 2018 मध्ये एवढा मोठा समूह कोसळला. आपल्याकडची बाह्यवळणं अर्धवट राहिली, उरलेली कामं दुसऱ्यांना द्यावी लागली. मग एका पोकलेनवाल्याची काय कथा?

मला धास्ती तुझ्या पैशाची नाही, त्या माणसाची आहे. जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यात एका तरुण ठेकेदारानं जीव दिला. जलजीवन मिशनच्या कामाची बिलं थकली होती, असं घरचे सांगत होते. सरकार म्हणालं, त्याच्या नावावर आमचं काम नाही, पोटठेकेदार असेल. कागदावर नाव नसलेल्या माणसाचं असंच होतं. तुझा पेटीवालाही कुणाच्याच कागदावर नाही, फक्त तुझ्या आहे.

डिंभ्याच्या कालव्यावर मी मस्टर लिहायचो, तेव्हा एका पेटीवाल्याला असंच रातोरात काढलं. त्याचं मोजमाप मला तोंडपाठ होतं. विशीतला होतो, साहेबापुढे तोंड उघडलं नाही. तो बायको-पोरांना ट्रॅक्टरवर बसवून गेला. पुढं कुठं गेला, ते आजतागायत कळलं नाही.

फार बोललो. तुझ्यावरही कर्ज आहे, वरून तुझीही बिलं अडकलीत, हे काय मला माहीत नाही? दादा असता तर तुझ्या पाठीशी उभा राहिला असता. आता मी आहे. पैसे कमी पडले तर माझ्या ठेवीतले घे, काकूशी बोललोय. मोजमापाला मला बोलाव, टेपचं दुसरं टोक मी धरीन. पण आज रात्रीच त्याला फोन कर आणि पोकलेन सोड.

तुझा,
आप्पाकाका