हरिश्चंद्रगड: राळेगणहून खर्च किती, तो करावा कुठे

राळेगणसिद्धीहून गडाला सोयीची वाट खिरेश्वरची. पारनेर, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर करत खुबी फाटा गाठायचा. जाऊन-येऊन साधारण २२५ किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ४५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर ५२५ रुपये. दोघांत वाटले की माणशी २६५च्या आत.

पुढचे पैसे जपून खर्चायचे. खिरेश्वर गावातला वाटाड्या हजार-दीड हजारात ठरवा, सहाजणांत माणशी अडीचशेच्या वर जात नाही. पिठलं-भाकरी गावातल्याच घरी, दोन वेळचे ३०० ते ४०० रुपये. वनखात्याच्या नाक्यावर जे शुल्क असेल ते भरा आणि पावती मागून घ्या. म्हणजे हजारात ट्रेक होतो. शहरातल्या आयोजकाला दीड हजार देण्यात वाईट काही नाही, पण त्यातले गावात किती राहतात ते पैसे भरण्याआधी विचारा. बिबट्या आणि शेकरू ज्यांच्या शिवारालगत राहतात, त्यांना जंगल राखण्यातून चार पैसे मिळायलाच हवेत.

गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी राळेगणकरांना सांगायला नको. तरी गडावर गेलं की शेकोटीची हौस येतेच. सरपण जंगलातलंच तुटतं आणि वणव्याचा धोका वेगळा. वन्यजीव कायद्याखाली शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यापेक्षा जाड स्वेटर स्वस्त. मुक्काम करायचाच असेल तर तंबू भाड्याने घेण्याआधी परवानगी आहे का ते वनखात्याकडे विचारा.

केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात पिंडी आहे. चार खांबांपैकी एकच अखंड उरलाय. लोक त्याला धरून फोटो काढतात, धरू नका. पाण्यात साबण, शाम्पूची पुडी नको. सप्ततीर्थ पुष्करणीच्या कोनाड्यांत ओले कपडे वाळत घालणारेही असतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

नळीची वाट या हिशेबात धरू नका. तिथे दोर, हेल्मेट आणि जाणता म्होरक्या लागतो. कोकणकड्याच्या काठावर आडवं पडून खाली बघायचं, पावसाळ्यात तेही नाही.

शंभराची नोट वेगळी ठेवा: परतताना खिरेश्वरात चहा, आणि एक मोठी कचऱ्याची पिशवी निघतानाच घ्या, दुसऱ्यांचाही कचरा मावेल अशी.