निरोप कोणाचा?

इ. स. १७७३ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत नारायणरावांस ‘धरावे’ असे लिहिले होते. पण कोणी तरी एक अक्षर बदलले आणि त्याचे ‘मारावे’ झाले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती अक्षरशः खरी आहे की नाही, याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. तथापि ‘ध’ चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार मात्र मराठीत कायमचा रुजला.

खोट्या निरोपाचे भय त्या काळी सर्वांनाच होते. म्हणून राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटवीत आणि मजकूर संपताच मोर्तब करीत. मोर्तबाखाली कोणी एखादी ओळ घुसडली, तर ती तत्काळ उघडी पडे. शिवाय अक्षराचे वळण आणि पत्र आणणारा जासूद हेही पुष्कळदा ओळखीचे असत.

आज निरोप मोबाइलवर क्षणार्धात येतो. त्यावर नाव असते, छायाचित्रही असते. पण ती मुद्रा नव्हे. दुसऱ्याचे छायाचित्र आपल्या क्रमांकावर लावणे कोणासही शक्य आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट या लस तयार करणाऱ्या विख्यात संस्थेत असाच प्रकार घडला. तेथील एका संचालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. संस्थेचे प्रमुख अदर पूनावाला आपणच आहोत, असे पाठविणाऱ्याने भासविले होते. काही बँकखात्यांत तातडीने पैसे भरावेत, असे त्यात लिहिले होते. वरिष्ठांची आज्ञा समजून एक कोटी एक लाखाहून अधिक रुपये पाठविण्यात आले. पूनावाला यांनी असा निरोप धाडलाच नव्हता, हे मागाहून कळले. मग बंडगार्डन पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदविली गेली.

व्यवहारात मुरलेली माणसेही अशी फसतात, याचे नवल वाटावयास नको. ठकाचा भरवसा समोरच्याच्या अज्ञानावर नसतो, तर घाईवर असतो. ओळखीच्या क्रमांकावर दूरध्वनी करून “हा निरोप आपलाच ना?” असे विचारण्यास एक मिनिट पुरते. तेवढे एक मिनिटच ठक मिळू देत नाही. “मी बैठकीत आहे, फोन करू नका,” किंवा “आईला सांगू नकोस,” असे तो आधीच लिहून ठेवतो.

कधी तो मित्राच्या नावाने येतो. “सहा आकडी संकेतांक चुकून तुझ्याकडे आला आहे, तेवढा कळव,” अशी साधीच विनंती असते. तो अंक हाती पडताच आपले खाते त्याच्या ताब्यात जाते, आणि मग मामा, आत्या, वर्गमित्र यांना आपल्याच नावाने पैशांची मागणी जाऊ लागते! “बक्षीस जमा करावयाचे आहे, पिन टाका,” असेही कोणी सांगतो. वास्तविक यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही.

ठकविले गेल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी लागते. चोरलेली रक्कम काही तासांतच एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरते. वर्दी वेळेवर पोहोचली, तर बँका ती वाटेतच अडवू शकतात. “घरचे रागावतील” या भीतीने एखादा मुलगा सायंकाळपर्यंत गप्प बसतो, तेव्हा नेमके तेच तास हातचे जातात.