मागच्याला वाजवू दे हॉर्न

छोटे, लायसन आलं म्हणून पेढे वाटलेस, मोपेडला हार घातलास, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतलीस. छान केलंस. आता दार लोटून घे नि जरा बस माझ्यापाशी. पाव्हण्यांसमोर, म्हणजे तुझ्या नवऱ्यासमोर, आणि तुझ्या सासूबाईंसमोर जे बोलता येत नाही, ते बोलायचंय.

आपल्या सुरतेच्या गोडादऱ्यात गाडी शिकणाऱ्या बाईला सगळे एकच सांगतात, घाबरायचं नाही, बिनधास्त घुसायचं. शिकवणारा बहुतेक नवरा नाहीतर दीर, आणि त्याला लवकर मोकळं व्हायचं असतं. मी म्हणते, तू थोडी घाबर. निदान तुझी घाई तरी तुझी स्वतःची असू दे. मी रस्त्यावर बघते ना, आपल्या बायका फसतात त्या दुसऱ्याच्या घाईनं. तू पर्वत पाटियाकडे वळायला थांबलेली असतेस, समोरून कापडाच्या ताक्यांनी भरलेला टेम्पो येत असतो, आणि मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा अंगठा काढायला तयार नसतो. त्याला तुझी फक्त पाठ दिसते. टेम्पो तुला दिसतोय, त्याला नाही. तरी आपण काय करतो? ओशाळतो. एवढी माणसं आपल्यापायी खोळंबली म्हणून गाडी दामटतो. लहानपणापासून कुणी खाकरलं तरी वाटेतून बाजूला व्हायचं, हेच शिकलोय आपण. ती सवय इथं जिवावर येते. वाजवू दे त्याला. बॅटरी त्याची उतरेल, तुझं काय जातंय?

आणि थांबणं जमत नाही असं सुरतेत राहून कुणी म्हणू नये. तू लग्न करून आलीस तेव्हा आठवतं ना, लाल दिवा म्हणजे नुसती रोषणाई होती. थांबणाऱ्याला लोक वेड्यात काढायचे. २०२४ मध्ये अनुपमसिंह गेहलोत पोलीस आयुक्त होऊन आले आणि पोलीस सिग्नलच्या मागे हात धुऊन लागले. चौकात टीआरबीची, म्हणजे ट्रॅफिक ब्रिगेडची पोरं, वर कॅमेरे, आणि चुकलात की घरी दंडाचा मेमो. काही महिन्यांत पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे रांगेनं थांबलेल्या गाड्यांचे व्हिडिओ देशभर फिरले. माणसं तीच, रस्ते तेच, गाड्या उलट वाढलेल्या. म्हणजे आपल्या रक्तातच शिस्त नाही वगैरे जे ओट्यावर बसून म्हणतात, त्यात काही तथ्य नाही. नियम मोडण्यात फायदा उरला नाही, तेव्हा लोक थांबले. एवढं सोपं होतं ते.

पण हे शहाणपण कॅमेऱ्यापुरतं, हे मात्र तू पक्कं ध्यानात ठेव. शेवटचा सिग्नल मागे पडला, की गोडादरा, डिंडोली, लिंबायतच्या आतल्या रस्त्यांवर जुनं राज्य सुरू होतं. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे राँग साइड. दुभाजकाचा कट लांब, सोसायटीचं गेट जवळ, मग 'एवढंसंच तर जायचंय' म्हणत जो तो उलटा येतो. दूधवाला, शाळेची व्हॅन, मांडीवर पोर घेतलेली बाई, सगळे. त्यांना वाटतं आपण कडेकडेनं, हळूहळू चाललोय, कुणाला काय त्रास? त्रास असा, की गल्लीतून मोठ्या रस्त्यावर येणारा माणूस उजवीकडे बघतो. आपल्याकडे अलीकडच्या बाजूची गाडी उजवीकडूनच येणार ना? उजवीकडे मोकळं दिसलं की तो डावीकडे वळतो, आणि नेमका तिथूनच हा उलटा येत असतो. दोघांचाही वेग बेताचा असेल, पण एकमेकांच्या अंगावर येताना तो बेताचा राहत नाही, दोन्हींची बेरीज होते.

म्हणून गल्लीच्या तोंडाशी तू उजवीकडे बघ, डावीकडे बघ आणि परत उजवीकडे बघ. एकेरी रस्ता असला तरी. आणि तू स्वतः उलटी जाऊ नकोस. पुढच्या कटापर्यंत जा, वळसा घाल. भाजीवाली हसेल, 'केवढा फेरा घालते' म्हणेल. हसू दे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये उलट दिशेनं गाडी चालवणं हे धोकादायक चालवण्यातच धरलंय, सिग्नल तोडणं नि हातात फोन धरणंही त्यातच. म्हणजे कायद्याच्या लेखी ते 'एवढंसंच' नाहीये. नुसत्या मेमोवर भागत नाही, कधी गुन्हाही नोंदवतात.

आता हेल्मेटचं. काय वं, आरशाला टांगून फिरतेस ते? इथं १५ फेब्रुवारी २०२५ पासून पोलिसांनी हेल्मेट मनावर घेतलं, तेव्हापासून बाजारात ढीग लागलेत. त्यातली निम्मी टोपल्याच्या लायकीची. मागे आयएसआयचा शिक्का बघून घे आणि गळ्याखालचा पट्टा लाव. पट्टा न लावलेलं हेल्मेट तुझ्याआधी रस्त्यावर पोचतं. गुजरातेत या हेल्मेटची फार परवड झाली. २०१९ च्या सप्टेंबरात देशभर दंड वाढले तेव्हा आपल्या सरकारनं ते कमी केले, डिसेंबरात तर शहरात हेल्मेटची सक्तीच नको म्हणाले, मग ते परत फिरवावं लागलं. लोकांनी त्यातून एवढाच अर्थ काढला, की हा डोक्याचा प्रश्न नसून पोलिसांचा आहे.

माझी खरी काळजी मागच्या सीटची आहे. गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागे बायको बोडकी, हे चित्र तुला आपल्या सोसायटीच्या गेटवर रोज दिसेल. मेमो पुढच्याच्या नावानं येतो ना, मग पुढच्याचं डोकं झाकलं की झालं! केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ सालचा हिशेब आहे. हेल्मेट नव्हतं म्हणून देशात ५०,०२९ माणसं गेली, त्यातली १४,३३७ मागे बसलेली. अहवालात बायका किती ते मला दिसलं नाही, पण मागच्या सीटवर आपल्याकडे कोण बसतं, हे काय अहवालानं सांगायला हवं?

त्यात आपण बसतो एका अंगानं. दोन्ही पाय डावीकडे, एक हात मांडीवरच्या पिशवीवर, दुसऱ्यानं पदर सावरायचा. धरायला हात उरतोच कुठे? खड्डा आला की मागे कलंडायचं. गावाकडे मामी, आत्या अशाच बसायच्या, पण तिथं गाडी बैलगाडीच्या मागून चालायची. सलवार-कुर्ता असेल तेव्हा तरी दोन्हीकडे पाय टाकून बस, सासूबाई काय म्हणतील ते मी बघते. त्यांना साडीतच बसायचं असेल तर पदर पुढून घेऊन कमरेला घट्ट खोचायला सांग, आणि तुझी ओढणी घरीच गाठ मारून किंवा पिन लावून आवर. चाकात ओढणी गेली की ती गळ्याला फास लावते, ओरडायलाही वेळ मिळत नाही. मागच्या चाकावर जाळी असते ना, ती शोभेची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे, मागच्यासाठी धरायची कडी, पायाला आधार आणि अर्ध्या चाकाला आवरण असलंच पाहिजे. जुनी गाडी घेतलीत तर ती जाळी जागेवर आहे का ते आधी बघ. काढून टाकलेली असेल तर परत बसवून घे.

तुझ्या पोराला, पिंट्याला, पुढे पायापाशी उभा करून नेतेस, ते आजपासून बंद. जोराचा ब्रेक लागला की त्याचं तोंड थेट हँडलवर. आणि तू त्याच्यावर. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या पोरासाठी नियम आहे आता, २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू. पोराला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग चाळीसच्या आत. अख्ख्या गोडादऱ्यात मी तो पट्टा बांधलेलं पोर अजून पाहिलेलं नाही. तू पहिली हो.

पायापाशी दुसरं काय ठेवतेस तेही मला माहितेय. स्टोन लावायला आणलेल्या साड्यांचं गाठोडं. एका फेरीत काम उरकावं म्हणून ते इतकं चेपतेस, की हँडल पूर्ण वळत नाही आणि पाय टेकायला जागा उरत नाही. रिंग रोडच्या मार्केटमधून निघालेल्या किती गाड्या अशा झोकांड्या खात येतात! रिकाम्या गाडीवर बसून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघ, मग गाठोडं ठेवून फिरव. अडलं तर दोन फेऱ्या कर, नाहीतर रिक्षानं आण. मजुरी नगावर मिळते, त्यामुळे घाई होते, हे का मला कळत नाही? पण हात मोडून घरी बसलेल्या बाईला कुठला शेठ नगाचे पैसे देतो?

फोन. इथं मी तुला कमी आणि पाव्हण्यांना जास्त बोलणार आहे. तू गाडीवर आहेस हे माहीत असून 'कुठं पोचलीस?' विचारायला तेच फोन करतात. मग हेल्मेट आणि कानाच्या मधे फोन खुपसून तू 'आलेच, आलेच' करतेस. चाळीसच्या वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. स्क्रीनवर कुणाचं नाव आलं ते बघायला तीन सेकंद धर. तेवढ्यात जवळजवळ तीन सिटी बस मावतील एवढा रस्ता तू न बघता ओलांडलास. घरात ठरवूनच टाका, निघताना एक मेसेज, पोचल्यावर एक, मधे कुणी कुणाला फोन करायचा नाही.

तुझ्या नणंदेचा तो दहावीतला लांबुळका किल्लीवर डोळा ठेवून आहे, हे मी मागच्या वेळी कानबाईच्या सणाला आले तेव्हाच ताडलं. 'मामी, फक्त कोपऱ्यापर्यंत' म्हणेल. देऊ नकोस. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते फक्त बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, तुझी मोपेड त्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीनानं गुन्हा केला तर गाडीचा मालक किंवा पालक दोषी, तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. गाडी तुझ्या नावावर आहे, छोटे. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये सतरा वर्षांच्या मुलानं पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर मारले. आधी तीनशे शब्दांचा निबंध लिही म्हणून त्याला सोडलं, त्यावरून सगळ्या देशात संताप झाला, मग बापालाही अटक झाली. ती श्रीमंतांची गोष्ट म्हणून आपण हळहळून मोकळे झालो. पण किल्ली द्यायला पोर्शे लागत नाही. नणंद रुसेल, तिला म्हणावं ताईनं शपथ घातलीय. माझ्यावर ढकल.

डंपर आणि टेम्पोच्या डाव्या अंगाला कधी उभी राहू नकोस. वळताना त्याचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आत कापतं, आणि उंच बसलेल्या ड्रायव्हरला तू दिसतच नाहीस. पावसाळ्यात खाडीचं पाणी चढलं, की रस्ता कुठला नि गटार कुठलं कळत नाही. गाडी उंचावर लावून चालत घरी जा, इथं दरवर्षी कुणी ना कुणी अंदाजानं गाडी घालतंच. उत्तरायणच्या, म्हणजे पतंगांच्या सणाच्या आधीपासून हँडलवर तारेची कमान बसवून घे, मांजा गळ्याच्या उंचीलाच येतो. सणाच्या दोन दिवसांत पोलीस बऱ्याच पुलांवर दुचाकी जाऊ देत नाहीत, उगाच वाद घालू नकोस.

आणि इतकं करूनही कधी काही झालं तर? तुझी गाडी कुणाला लागली, तर पळायचं नाही. १०८ लाव, जखमीला दवाखान्यात पोचव. जमाव अंगावर येतोय असं वाटलं तर कायद्यानंही तिथं थांबण्याचा हट्ट धरलेला नाही, सरळ जवळच्या पोलीस चौकीत जाऊन सांग. दुसऱ्याचा अपघात दिसला तर कडेनं निघून जाऊ नकोस. पोलीस मागे लागतील ही जुनी भीती. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही. मे २०२५ पासून तर जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत बिनरोकड उपचार मिळायची केंद्राची योजना आहे. कुठली इस्पितळं त्यात आहेत ते पाव्हण्यांना आजच शोधून ठेवायला लाव, फोन करण्यापेक्षा तेवढं काम करू दे त्यांना.

रविवारी सकाळी सातला येते. कापडाचं मार्केट बंद असतं, रस्ते मोकळे. मी मागे बसेन, माझं हेल्मेट मी आणते. तुला वळायला शिकवते, आरसा कसा बघायचा तेही, कारण त्यात तू सध्या फक्त टिकली बघतेस. मग दुकानं उघडली की पिंट्याचं हेल्मेट घेऊ. रंग त्यालाच निवडू दे, नाहीतर दुसऱ्या दिवशी 'डोक्याला चावतं' म्हणून भिरकावून देईल.