लघवीतील फॉस्फरसची 24 तासांची तपासणी

शरीरातील सुमारे 85 टक्के फॉस्फरस हाडांत व दातांत असतो. अन्नातून आलेला जादा फॉस्फरस मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तातील फॉस्फरस कमी भरल्यास, मुलाच्या पायांना बाक आल्यास, प्रौढाची हाडे दुखू लागल्यास अथवा मुतखडे वारंवार झाल्यास डॉक्टर ही तपासणी सांगू शकतात. रक्तात फॉस्फरस कमी असूनही लघवीतून तो पुष्कळ जात असेल, तर गळती मूत्रपिंडातून होत आहे. लघवीतही तो अत्यल्प असेल, तर आतड्यातून शोषण अपुरे असण्याचा संभव असतो. दोहोंचे उपचार भिन्न आहेत.

म्हणून लघवी पूर्ण 24 तासांची असणे अगत्याचे आहे. सकाळी 6 वाजता उठल्यावर पहिली लघवी टाकून द्यावी व वेळ लिहून ठेवावी. त्यानंतरची दिवसरात्रीची प्रत्येक लघवी जमवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 6 वाजताची लघवी त्यात घालून संकलन थांबवावे. शौचाला जाण्यापूर्वीही आधी लघवी जमवावी. कार्यालयात किंवा बेंगळुरूच्या वाहतुकीत अडकून एक वेळची लघवी जरी बाहेर गेली, तरी आकडा खोटा कमी येतो व मूत्रपिंडातील गळती झाकली जाते. असे घडल्यास संकोच न करता प्रयोगशाळेस सांगावे व नव्याने आरंभ करावा. शक्यतो सुटीचा दिवस निवडावा.

प्रयोगशाळेने दिलेल्या डब्यात कधी कधी तीव्र आम्ल असते. ते ओतून टाकू नये. लघवी स्वच्छ भांड्यात घेऊन मगच सावकाश डब्यात ओतावी. डबा थंड जागी व मुलांपासून दूर ठेवावा.

त्या दिवशी मुद्दाम पथ्य करू नये. दूध, डाळी, रागी मुद्दे, मासे असा नित्याचाच आहार घ्यावा. आम्लपित्तावरील काही औषधे आतड्यात फॉस्फरस बांधून ठेवतात. ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत, मात्र त्यांची नावे चिठ्ठीवर अवश्य लिहावीत.

प्रयोगशाळेत मॉलिब्डेटशी संयोग घडवून फॉस्फरस मोजतात. निळ्या रंगाच्या गडदपणावरून तो मोजण्याची प्रसिद्ध पद्धत भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव व सायरस फिस्के यांनी 1925 मध्ये हार्वर्ड येथे प्रसिद्ध केली. प्रौढांत 24 तासांत साधारणतः 400 ते 1300 मिलिग्रॅम फॉस्फरस आढळतो. आहारानुसार व प्रयोगशाळेनुसार यात फरक पडतो. अहवालाचा अर्थ रक्ततपासणीसोबतच लावला जातो, म्हणून डबा देण्याच्या सकाळी रक्तही द्यावे लागेल का, हे आधी विचारून घ्यावे.