मुक्या जिवाचा घास

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती व इंदापूर तालुक्यांतील पुष्कळशी जमीन हिरवीगार झाली आहे. उसाच्या जोडीला मेथी-कोथिंबिरीचे वाफे आणि पेरूच्या बागा तेथे दृष्टीस पडतात. अशा ठिकाणी गिनीपिग पाळणाऱ्या मुलाला हिरव्या पाल्याची वाण पडत नाही. परंतु हिरवे ते सारेच हिताचे, असे मात्र नाही.

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला. पेरू देशात तो हजारो वर्षांपासून पाळला जातो. वाळलेले गवत हे त्याचे मुख्य अन्न होय. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावताना ते झिजतात. तथापि ताज्या भाजीवाचून तो निरोगी राहू शकत नाही. इ. स. १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख या शास्त्रज्ञांनी काही गिनीपिगांना नुसते धान्य खाऊ घातले. तेव्हा त्यांना स्कर्व्ही हा रोग जडला. ताज्या भाजीपाल्याने मात्र त्यापासून बचाव होतो, असे दिसून आले. माणसाप्रमाणेच गिनीपिगाच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, हे त्याचे कारण पुढे उमगले.

कोथिंबीर आणि ढोबळी मिरची यांतून हे जीवनसत्त्व मिळते. गंमत अशी की, पेरू देशातून आलेल्या या प्राण्याला आपल्याकडील पेरूही मानवतो! मात्र फळात साखर असल्याने लहानशी फोड आठवड्यातून एकदोनदाच द्यावी. गुरांसाठी लावलेला लसूणघास वाढत्या पिलांना चालतो; पण त्यात कॅल्शियम फार असल्याने मोठ्या गिनीपिगाला तो रोज दिल्यास मूतखड्याची भीती असते. कांदा, लसूण, बटाटा आणि टोमॅटोचा पाला ही तर सर्वस्वी वर्ज्य होत. औषध फवारलेल्या शेतातील पाला कितीही टवटवीत दिसला तरी तो आणू नये.

भाजी स्वच्छ धुऊन, पाणी निथळून द्यावी. नवी भाजी प्रथम अगदी थोडी द्यावी आणि उरलेली सुकण्यापूर्वी उचलावी. ही काळजी अनाठायी नाही. गिनीपिगाला उलटी करता येत नाही. पोटात गेलेला अपायकारक घास त्याला बाहेर टाकता येत नाही. त्याने काही तास अन्नाला तोंड लावले नाही, तर विलंब न लावता पशुवैद्यांकडे न्यावे.

मुका प्राणी पुढे आलेला घास विश्वासाने खातो. तो घास पारखण्याचे काम पाळणाऱ्याचे आहे.